विश्लेषण : दीड लाख लोकसंख्येच्या गुआमने भारताला हरवले कसे? आणि नंतर हा संघ हरवला कुठे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये जेमतेम दीड लाख लोकसंख्येचे कुरासाओ हे कॅरेबियन बेट फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरले. त्याच महिन्यात बांगलादेशने भारताला १-० असे हरवले. मग नेहमीचा प्रश्न पुन्हा विचारला गेला : एवढ्याशा बेटाला जमते, ते आपल्याला का जमत नाही? दहा वर्षांपूर्वी, १६ जून २०१५ रोजी प्रशांत महासागरातील गुआम या बेटाने भारताला २-१ असे नमवले, तेव्हाही हाच प्रश्न होता. गुआमची गोष्ट त्यामुळे आजही उपयोगाची आहे. ती अर्धीच सांगितली जाते, म्हणून जास्तच.

गुआम हा देश आहे का?

नाही. गुआम हा अमेरिकेचा प्रदेश आहे. १८९८ मध्ये स्पेनकडून तो अमेरिकेकडे आला. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४४ अशी सुमारे अडीच वर्षे तो जपानच्या ताब्यात होता. क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडे कमी. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ लाख ५३ हजार ८३६. वानखेडे स्टेडियम जेमतेम पाच वेळा भरेल, एवढीच माणसे. येथे जन्मणारे अमेरिकेचे नागरिक असतात, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. अमेरिकी काँग्रेसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, मात्र सभागृहातील अंतिम मतदानात त्याला मत नसते.

मग स्वतंत्र राष्ट्रीय संघ कसा?

‘फिफा’चे सदस्य देश नसतात, फुटबॉल संघटना असतात. अशा २११ संघटना आहेत. त्यांत हाँगकाँग, मकाऊ, फेरो बेटे, प्युर्तो रिको, बर्म्युडा असे सार्वभौम नसलेले अनेक प्रदेश आहेत. गुआमला १९९६ मध्ये सदस्यत्व मिळाले. आता हे दार बरेचसे बंद झाले आहे. ग्रीनलँडने उत्तर व मध्य अमेरिकेच्या महासंघाकडे केलेला अर्ज जून २०२५ मध्ये फेटाळला गेला. जे आधी आत आले, त्यांना मात्र ‘फिफा’च्या निवडणुकीत जर्मनी-ब्राझीलइतकेच एक मत आहे आणि विकासनिधीही मिळतो.

सुरुवात कशी होती?

भीषण. २००२ च्या विश्वचषकासाठीच्या पात्रता फेरीत, २४ नोव्हेंबर २००० रोजी इराणने गुआमवर १९ गोल केले. दोनच दिवसांनी ताजिकिस्तानने १६. गुआमचा एकही नाही. २००५ मध्ये पूर्व आशियाई स्पर्धेत उत्तर कोरियाने २१-० असे हरवले. विश्वचषकाच्या पुढच्या तीन पात्रता स्पर्धांत तर गुआमचा संघ मैदानात उतरलाच नाही.

बदलले काय?

तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या.

पहिली, सुविधा आणि पाया. ‘फिफा’च्या मदतीने बेटावर राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि स्थानिक मुलांना नियमित मैदान मिळाले. कर्णधार आणि गुआमचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू जेसन कनलिफ हा बेटावरच्या याच फुटबॉलचा चेहरा ठरला.

दुसरी, प्रशिक्षक. २०१२ मध्ये आलेले इंग्लंडचे गॅरी व्हाइट यांनी याआधी बहामासारख्या छोट्या बेटांचे संघ सांभाळले होते. त्यांच्या काळात संघ ‘मताओ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. प्राचीन चामोरो समाजातील सर्वात वरच्या वर्गाचे हे नाव. चामोरो हे गुआमचे मूळ रहिवासी. सामन्याआधी खेळाडू चामोरो भाषेतील ‘इनिफ्रेसी’ ही प्रतिज्ञा एकत्र म्हणू लागले. अमेरिकेत वाढलेल्या मुलांसाठी हा केवळ सोपस्कार नव्हता, आपण कोणाकडून खेळतो आहोत याची ती ओळख होती.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पासपोर्ट.

पासपोर्टचे गणित काय?

अमेरिका, गुआम, प्युर्तो रिको, अमेरिकन सामोआ यांचे राष्ट्रीय संघ वेगळे असले तरी त्यांच्या खेळाडूंकडे पासपोर्ट एकच, अमेरिकेचा. अशा ठिकाणी कोणी कोणाकडून खेळायचे? ‘फिफा’चा नियम असा : खेळाडूचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या प्रदेशात झालेला असावा, नाहीतर खेळाडूने तेथे ठरावीक वर्षे वास्तव्य केलेले असावे. आज चामोरो वंशाचे लोक बेटापेक्षा अमेरिकेच्या राज्यांत जास्त आहेत. म्हणजे कागदावर दीड लाखांचे असलेले गुआम खेळाडू शोधताना बरेच मोठे होते.

व्हाइट यांनी हेच केले. लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडून अमेरिकेची लीग जिंकलेला बचावपटू ए. जे. डेलागार्झा अमेरिकेकडून मैत्रीपूर्ण सामने खेळला होता. अशा सामन्यांमुळे खेळाडू कायमचा बांधला जात नाही, त्यामुळे तो गुआमकडे येऊ शकला. अमेरिकी लीगमध्ये खेळलेले रायन गाय आणि ब्रँडन मॅकडोनल्डही आले.

२०१५ मध्ये काय घडले?

११ जूनला गुआमने घरच्या मैदानावर तुर्कमेनिस्तानला १-० असे हरवले. विश्वचषक पात्रता फेरीतील हा त्यांचा पहिलाच विजय. पाच दिवसांनी भारत समोर होता. क्रमवारीत भारत १४१वा, गुआम १७४वा. मॅकडोनल्ड आणि ट्रॅव्हिस निकलॉ यांनी गोल केले. सुनील छेत्रीचा गोल आला तो भरपाई वेळेत, तोवर उशीर झाला होता. सप्टेंबरमध्ये गुआमने ओमानलाही ०-० असे रोखले. नोव्हेंबरमध्ये बेंगळूरुत भारताने रॉबिन सिंगच्या गोलवर १-० अशी परतफेड केली. आठ सामन्यांतील भारताचा तो एकमेव विजय. गटात गुआम ७ गुणांसह चौथा, भारत ३ गुणांसह शेवटचा.

मग घसरण का झाली?

गोष्टीचा हा भाग सहसा सांगितला जात नाही. गटातील स्थानामुळे गुआमला आशियाई चषकाच्या पात्रतेच्या पुढच्या फेरीत थेट प्रवेश मिळाला. भारताला मात्र लाओसविरुद्ध प्ले-ऑफ खेळून तिथे जावे लागले. पण २०१७ मध्ये पैशांअभावी गुआमने त्या स्पर्धेतून माघार घेतली. खेळाडू हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत, प्रतिस्पर्धी आशियाच्या दुसऱ्या टोकाला. अशा संघाचा प्रत्येक सामना म्हणजे आधी विमान तिकिटांचे बिल. ज्या वाटेने खेळाडू आले, तीच वाट खर्चिक ठरली.

व्हाइट २०१६ मध्येच चीनमधील क्लबकडे गेले होते. २०१५ च्या संघातील अनुभवी खेळाडूही हळूहळू बाजूला झाले. २०१९ मध्ये भूतानला हरवून गुआम विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पोहोचला, पण तेथे आठपैकी आठ सामने हरला. पुढे हा संघ जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही मागे गेला. भारत मात्र लाओसला नमवून पुढे २०१९ चा आशियाई चषक खेळला.

भारत असे का करू शकत नाही?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि २००८ पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारतीय पासपोर्ट असलेलाच देशाकडून खेळू शकतो. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून मिळणारे ओसीआय कार्ड येथे चालत नाही. तरी काहींनी परदेशी पासपोर्ट सोडला. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने जपानचे नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून पदार्पण केले. ज्याची आई मूळ मुंबईची, त्या ऑस्ट्रेलियातील रायन विल्यम्सनेही २०२५ मध्ये हाच मार्ग धरला. पण पासपोर्ट सोडणे म्हणजे नोकरी, निवास, कुटुंब या सगळ्यांचाच निर्णय. गुआमच्या खेळाडूंना असे काहीच सोडावे लागले नव्हते.

धडा कोणता?

‘ओसीआय खेळाडूंना घ्या, प्रश्न सुटेल’ असे म्हणणाऱ्यांनी २०१५ चे गुआम दाखवावे, पण २०१७ चेही दाखवावे. परदेशात घडलेले खेळाडू संघाला एकदम काही पायऱ्या वर नेतात. तेथे टिकायचे, तर मागून येणारी स्थानिक मुले आणि दरवर्षी मिळणारा पैसा लागतो. गुआमकडे पहिली गोष्ट मोजकीच होती, कारण माणसेच दीड लाख. दुसरी संपली. भारताला मुलांचा तुटवडा नाही. त्यामुळे गुआमची घसरण समजण्यासारखी आहे, आपल्या घसरणीचे उत्तर मात्र पासपोर्टच्या नियमात पूर्ण सापडणार नाही.