ड्रॅगनची शिकार आणि वाटणीचे गणित

इंटरनेटवरून हजारो माणसे ज्या एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, त्या प्रकारच्या खेळांत ड्रॅगनशी होणारी लढाई हा कसोटीचा प्रसंग मानला जातो. पडद्यावर आग ओकणारा तो अजस्र प्राणी सर्व्हरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाच्या, लेखी मात्र काही आकड्यांचा आणि मोजक्या नियमांचा संच असतो, आणि सरावाने तो खेळाडूंना पाठही होतो. तरीही ही लढाई वारंवार हरली जाते, आणि जिंकल्यावर मिळालेल्या लुटीवरून पथकात फूटही पडते. या दोन्ही गोष्टींची कारणे ड्रॅगनमध्ये शोधून सापडत नाहीत. ती सापडतात परस्परांना बहुधा कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या चाळीसेक माणसांच्या सहकार्यात, आणि त्यामुळेच या शिकारीने अर्थशास्त्रज्ञांचेही लक्ष वेधून घेतले.

या लढाईचे मूळ संगणकाहून जुने आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या खेळाने प्रत्येक पात्राची व प्राण्याची जीवनशक्ती ‘हिट पॉइंट’ नावाच्या आकड्यात मोजण्याची रीत रूढ केली. प्रत्येक घावागणिक हा आकडा घटतो आणि शून्यावर आला की मृत्यू होतो. मार्च १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळाने हीच रीत उचलली, आणि अग्नीचा ड्रॅगन नॅगाफेन व हिमाची ड्रॅगनीण व्हॉक्स यांना इतके बलाढ्य केले की त्यांच्यापुढे एकट्यादुकट्याचा निभाव लागू नये. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील ओनिक्सिया ही काळी ड्रॅगनीण तर ४० जणांच्या पथकासाठीच रचलेली होती.

अशा सामूहिक मोहिमेला ‘रेड’ म्हणतात, आणि तिच्यात श्रमविभागणी काटेकोर असते: चिलखतधारी ‘टँक’ ड्रॅगनचे घाव अंगावर घेतो, ‘हीलर’ त्याची घटणारी जीवनशक्ती भरून काढतात आणि उरलेले बहुसंख्य सदस्य ड्रॅगनवर प्रहार करतात. ड्रॅगनने त्या एका टँकवरच का तुटून पडावे, जखमा भरणाऱ्या दुबळ्या हीलरवर का नाही, याचे उत्तर ‘थ्रेट’ नावाच्या हिशेबात आहे. ड्रॅगनच्या विरोधात जो जितके करील तितका त्याच्या नावावर रोष जमा होतो, आणि ज्याच्या नावे सर्वाधिक रोष त्याच्याकडे ड्रॅगनचे तोंड वळते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या आरंभीच्या नियमांनुसार ड्रॅगनला झालेल्या एका अंशाच्या इजेमागे एक अंश, तर बऱ्या केलेल्या जखमेच्या एका अंशामागे अर्धा अंश रोष धरला जाई, आणि टँकचे कौशल्य हे की आपला आकडा खास युक्त्यांनी सर्वांच्या वर ठेवावा. लक्ष्य घडोघडी बदलू नये म्हणून त्यात एक ढिलाईही होती: ड्रॅगनजवळ लढणाऱ्याने टँकच्या रोषाच्या ११० टक्के आणि दुरून मारा करणाऱ्याने १३० टक्के पातळी ओलांडल्याशिवाय ड्रॅगन वळत नसे. म्हणजे अतिउत्साहाने केलेला जोरदार हल्ला हाच संघाच्या नाशाचे कारण ठरू शकतो, आणि हात आखडता घेणे ही येथे शिकावी लागणारी विद्या आहे.

मग संख्या वाढवून भागते का? युद्धातील संख्याबळाचे गणित इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते, आणि ड्रॅगनच्या लढाईत त्याचे अगदी सोपे रूप दिसते. ड्रॅगन एका वेळी एकालाच मारतो असे धरले, तर २० ऐवजी ४० जण लढल्यास तो निम्म्या वेळात मरतो, त्यामुळे त्याच्या हातून होणारी एकूण हानी निम्मी होते. ती दुप्पट माणसांत विभागली गेल्याने दरडोई हानी एकचतुर्थांशावर येते. संख्येचा हा लाभ वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि असे असते तर कोणताही ड्रॅगन केवळ गर्दीने मेला असता. खेळाच्या रचनाकारांनी त्यावर योजलेला उपाय म्हणजे ड्रॅगनचा श्वास. आगीचा लोळ एकाच वेळी सर्वांना पोळतो, त्यामुळे माणसे दुप्पट झाली की प्रत्येक लोळाने होणारी हानीही दुप्पट होते, आणि वेळ निम्मा झाला तरी एकूण हानी तेवढीच राहते. दरडोई लाभ चौपट न राहता दुपटीवर येतो. पुराणकथांतून आलेले आगीचे फूत्कार गर्दीच्या गणिताला घातलेला लगाम म्हणून येथे वापरले जातात, ही या रचनेतील विलक्षण सुंदर गोष्ट आहे.

ओनिक्सियाच्या गुहेत तर जागेलाही महत्त्व येते. तिच्या तोंडापुढे आग आहे आणि शेपटीचा फटका बसला तर माणूस पिल्लांच्या अंड्यांत जाऊन पडतो, म्हणून टँक सोडून सर्वांनी तिच्या कुशीच्या बाजूला उभे राहावे लागते; जीवनशक्ती ६५ टक्क्यांवर येताच ती हवेत उडते, ४० टक्क्यांवर पुन्हा उतरते आणि मग भयकारी डरकाळी फोडून माणसांना सैरावैरा पळायला लावते. अशा लढाईत एकाची चूक अनेकांना भोवते. प्रत्येक सदस्य ९९ टक्के वेळा बिनचूक वागतो असे मानले, तरी ४० जणांपैकी एकानेही न चुकण्याची शक्यता सुमारे ६७ टक्केच उरते, आणि व्यक्तिगत अचूकता ९५ टक्क्यांवर घसरली तर तीच शक्यता जेमतेम १३ टक्के होते. सरावाने प्रत्येकाची अचूकता चार टक्क्यांनी सुधारणे ही क्षुल्लक बाब वाटते, पण संघाच्या पातळीवर जय आणि पराजय यांतील अंतर तेवढेच असते.

खरी अवघड समस्या ड्रॅगन मेल्यावर उभी राहते. लूट हा भारतीय भाषांतूनच इंग्रजीत गेलेला शब्द जगभरच्या खेळाडूंच्या तोंडी रुळला आहे. ड्रॅगनकडून मिळणारी लूट मात्र चाळिसांना पुरणारी नसते, तर चार-दोन दुर्मीळ शस्त्रांची किंवा शिरस्त्राणांची असते. अशी वस्तू तोडून वाटता येत नाही, आणि बहुतेक मौल्यवान वस्तू एकदा घेतली की घेणाऱ्याला कायमची चिकटते, ती विकता किंवा देता येत नाही. म्हणजे वस्तू विकून पैसे वाटून घेण्याचा बाजारी मार्गही रचनाकारांनीच बंद केलेला असतो.

या कोंडीतून ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’, संक्षेपाने ‘डीकेपी’, ही पद्धत जन्माला आली. १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’मधील ‘आफ्टरलाइफ’ या गिल्डने, म्हणजे खेळाडूंच्या कायमस्वरूपी संघाने, ती प्रथम वापरली असे मानले जाते. मोहिमेला हजर राहणाऱ्या प्रत्येकाच्या नावे गुण जमा करायचे आणि वस्तू घेणाऱ्याच्या खात्यातून ते वजा करायचे, एवढेच तिचे सूत्र. शेतीतील सावड ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही, कारण तेथेही दुसऱ्याच्या रानात राबलेल्या दिवसांची परतफेड पैशाने न होता राबणुकीनेच होते. हे गुण खेळाच्या आज्ञावलीत कोठेही नव्हते. खेळाडूंनी ते स्वतःच्या तक्त्यांत मांडले आणि केवळ परस्परविश्वासावर चालवले.

खासगी चलन निघाले की चलनाचे रोगही येतात. दर मोहिमेला नवे गुण मिळत राहिले आणि वस्तू त्या मानाने कमी मिळाल्या, तर जुन्या सदस्यांकडे गुणांचे ढीग साचतात आणि नवागताला वर्षभर काहीच हाती लागत नाही. त्यावर काही गिल्डांनी बेरीज शून्य राखणारी पद्धत स्वीकारली: वस्तूची किंमत ७८ गुण असेल, तर घेणाऱ्याचे ७८ गुण कमी होतात आणि उरलेल्या ३९ जणांना प्रत्येकी २ मिळतात, त्यामुळे एकूण चलन कधी वाढतच नाही. इतरांनी साठवलेल्या गुणांना ठरावीक काळाने टक्केवारीची कात्री लावली. काहींनी गुप्त बोलीचा लिलाव आणला, ज्यात सर्वोच्च बोलीवाल्याला वस्तू मिळते पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच भरावी लागते. स्वतःची बोली स्वतः भरायच्या किमतीवर परिणाम करत नसल्याने येथे खरे मोल सांगणेच हिताचे ठरते, हे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये दाखवले होते आणि १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत ते होते. ‘एव्हरक्वेस्ट’च्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास २००१ मध्ये करणारे एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी पुढे कायद्याचे अभ्यासक जोशुआ फेअरफील्ड यांच्यासह याच गुणपद्धतीवर स्वतंत्र लेखन केले, ते उचितच होते, कारण सरकार, न्यायालय आणि बँक यांपैकी काहीही पाठीशी नसताना माणसे वाटणीची संस्था कशी उभारतात, हे इतक्या स्वच्छपणे पाहण्याची संधी क्वचितच मिळते.

लुटीचा हिशेब हेच सहकार्याचे एकमेव कारण असते का, याची एक परीक्षा नोव्हेंबर २००३ मध्ये झाली. ‘एव्हरक्वेस्ट’मधील केराफर्म हा निद्रिस्त ड्रॅगन मारता येऊ नये असाच घडवलेला होता, पण अजिंक्यतेचा अर्थ येथे अतिशय मोठा आकडा एवढाच होता, आणि कितीही मोठा आकडा सतत वजाबाकी होत राहिली की शून्यावर येतोच. खेळाडूंना परस्परांवर हल्ला करण्याची मुभा असलेल्या रॅलोस झेक या सर्व्हरवर तीन प्रतिस्पर्धी गिल्ड एकत्र आले आणि सुमारे २०० जण तासन्तास लढत राहिले, ज्यात मेलेल्यांना धर्मोपदेशक पात्रे उठवत होती आणि उठलेले पुन्हा रणात जात होते. ड्रॅगनची जीवनशक्ती सुमारे पाव उरली असता कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी तो सर्व्हरवरून नाहीसा केला. खेळाडूंच्या संतापानंतर कंपनीने क्षमा मागून पुन्हा प्रयत्नाची संधी दिली, आणि त्या वेळी त्यांनी त्याला मारले. केराफर्मच्या मृतदेहापाशी वाटून घेण्यासारखी एकही वस्तू नव्हती.