वर्गापासून कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत

पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीमाईंचे नाव मिळाले. ताडीवाला रोड, येरवडा, बोपोडी, दापोडी येथील वस्त्यांतून आमच्या मुली बस पकडून गणेशखिंडीच्या त्या आवारात जातात. एम.ए. होतात, सेट-नेट उत्तीर्ण होतात, पीएच.डी. करतात. आईबापांच्या कष्टाचे हे चीज आहे. पण आज आम्हाला पुढचा प्रश्न विचारायचा आहे. आमची लेक वर्गात पोहोचली; अधिष्ठाता, कुलसचिव, कुलगुरू या खुर्च्यांपर्यंत ती कशी पोहोचणार?

याच पुण्यात १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे बुद्धी कधीच कमी नव्हती. कमी होती ती दार उघडणाऱ्यांची.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचेच पाहा. बौद्ध घरातील ही मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. ज्या भाषेचे शब्द आपल्या कानी पडू नयेत म्हणून धर्मशास्त्रे जागत होती, तीच भाषा! पदवी उत्तम, पण माहेरच्या सोमकुंवर नावावर प्राध्यापकाची नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग नोकरी मिळाली. हे त्यांनी स्वतः ‘अंतःस्फोट’ या १९८१ च्या पुस्तकात सांगितले आहे. गुणवत्ता तीच, बाई तीच. बदलले ते फक्त आडनाव.

आता नियम पाहू. सहायक, सहयोगी आणि मग प्राध्यापक, अशी ही शिडी आहे. कुलगुरू होण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राध्यापकपदाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. कुलगुरूचे पद एकच, म्हणून तेथे आरक्षण नाही. आरक्षण कामी येते ते खालच्या पायऱ्यांवर. आमच्या कित्येक मुलींची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात जातात आणि ती वर्षे बढतीच्या हिशेबात बहुधा धरली जात नाहीत. पहिली कायम नोकरी उशिरा मिळाली की वरची पायरी गाठण्याआधीच निवृत्ती येते.

तरी हे अशक्य नाही. कामगाराचा मुलगा असलेले डॉ. नरेंद्र जाधव २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अमेरिकेत रूथ सिमन्स ही टेक्ससमधील काळ्या कुळवाड्याची बारावी लेक. तिची आई लोकांच्या घरी कामाला जाई. ती २००१ साली ब्राउन विद्यापीठाची अध्यक्ष झाली. दक्षिण आफ्रिकेत मांफेला राम्फेले १९९६ साली केप टाउन विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या कर्तृत्वामागे शिक्षकांचा हात होता, लढणारा समाज होता.

मग आपण काय करावे? पहिले म्हणजे, मुलगी पीएच.डी. करत असेल तर ‘आता पुरे, लग्न कर’ हा लकडा थांबवावा. लग्न ठरलेच तर अभ्यास आणि नोकरी चालू राहील, हे बैठकीतच बोलून घ्यावे. सुनेला मूल झाले तर सासूने आणि नवऱ्यानेही ते सांभाळावे. दुसरे, विहारातील वर्षावासाच्या कार्यक्रमात एक रविवार मोठ्या पदावरील भगिनींना बोलवावे. अर्ज कसा भरावा, मुलाखतीला कसे जावे, शोधनिबंध कोठे द्यावा, हे त्यांनी धाकट्यांना सांगावे. प्रस्थापितांच्या घरी हे ज्ञान जेवणाच्या ताटावरच मिळते. आपल्याला ते मुद्दाम वाटावे लागते.

तिसरे, घरातील प्रत्येक पदवीधराने विद्यापीठाच्या अधिसभेसाठी मतदार म्हणून नाव नोंदवावे. २०१६ च्या कायद्यानुसार पदवीधरांतून दहा सदस्य निवडले जातात. त्यांत अनुसूचित जातींसाठी एक आणि महिलांसाठी एक जागा राखीव आहे. नाव आपोआप येत नाही, अर्ज भरावा लागतो. रिक्त जागा, आरक्षणाची बिंदुनामावली, तासिकेवरच्या भगिनींचे वेतन, हे प्रश्न तेथे विचारता येतात.

स्त्रियांची प्रगती किती झाली, यावरून बाबासाहेब समाजाची प्रगती मोजत. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी हे सांगितले. आपल्या घरातली लेक आज कोणत्या पायरीवर उभी आहे, तिला तेथे कोणी थांबवले तर नाही ना, हे आज संध्याकाळी तिलाच विचारा.

जयभीम!