गंजिफा : भिंतीवरून पुन्हा हातात

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ दिसले तर सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्रजी सेक्शनला देववेना, कारण ज्यांच्याकडून तो मला मिळाला त्या माझ्या आजोबांना हा अंक वाचायचाय.

आजोबा कुडाळजवळच्या गावात राहतात. त्यांच्या ट्रंकेत गंजिफांचा एक जुना कॅट आहे. गोल, हाताने रंगवलेली, बशीएवढीसुद्धा नाहीत अशी पानं. असायला हवीत १२०, आहेत ११७. ज्या दोघांबरोबर ते खेळायचे ते दोघंही आता नाहीत. गेल्या दिवाळीत मी विचारलं, "आजोबा, शेवटचं कधी खेळलात?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पानं नुसती पुसून परत ठेवली. तिथून माझ्या डोक्यात हा किडा शिरला.

आधी थोडी माहिती. गंजिफा हा खेळ पर्शियातून आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत १२ रंगांच्या १४४ पानांचा खेळ वर्णन केलाय. पुढे रूढ झाला तो ८ रंगांचा, ९६ पानांचा मुघल गंजिफा. त्यातले रंग म्हणजे बादशाही कारभारच : मुकुट, तलवार, नाणी, नोकरचाकर वगैरे.

आपल्याकडे तो आला आणि लोकांनी मोठी गंमत केली. खेळाचं इंजिन तेच ठेवलं, विश्व बदललं. दरबाराच्या जागी दशावतार आले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की असे १० रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे १२ पानं. एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. कॉम्प्युटर गेम खेळणारे ज्याला 'फँटसी सेटिंग' म्हणतात ते आपल्याकडे कधीच तयार होतं! म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर १९ व्या शतकात ३६० पानांपर्यंतचे खेळ रचले. म्हणजे एक्स्पान्शन पॅकसुद्धा झाले.

मग छापील, स्वस्त, ५२ पानी पत्ते आले. हाताने रंगवलेली १२० पानं त्यांच्यापुढे कशी टिकणार? सावंतवाडीला ही कला जवळजवळ संपत आली होती. तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली आणि १९७१ साली राजवाड्यातच काम सुरू केलं. नवे कलाकार तयार केले. कागदाचे गोल कापायचे, चिंचोक्यांच्या खळीचा हात द्यायचा, रंगवायचे, वर लाखेचा थर. शिवरामराजे १९९५ मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी २०१८ मध्ये. काम थांबलं नाही. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणजे पुनरुज्जीवन झालं की! मीही असंच समजत होते. पण खरेदी करणारे बहुतेक लोक त्यांचं काय करतात? फ्रेम करून भिंतीवर लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर वाचलं, सॉफ्टवेअर आजोबांच्या डोक्यात राहिलं. आणि त्याचा बॅकअप नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडून नियम लिहून घेतले. गावागणिक फरक आहेत, पण गाभा असा :

तिघं खेळतात. १२० पानं पिसून प्रत्येकाला ४०. हुकूम नाही. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री कृष्णाचा राजा. प्रत्येक रंगात राजा सगळ्यात मोठा, मग प्रधान. आता खरी मेख. पाच रंगांत प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं, एक्का मोठा आणि दश्शी लहान. राजा पडून गेला की त्या रंगाचा प्रधान वरचढ होतो, तो गेला की त्याखालचं पान. त्यामुळे कुठलं पान गेलं आणि कुठलं बाकी आहे हे पूर्ण वेळ लक्षात ठेवायचं. ज्याचे हात जास्त तो जिंकला.

नाशिकला परत आल्यावर मेन रोडवरून पुठ्ठा आणला, औषधाच्या डबीचं झाकण ठेवून गोल आखले आणि सबमिशन सोडून कापत बसलो. १२० पानं कापताना रूममेटने माझ्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. म्हणून आम्ही शॉर्टकट घेतला. सहाच रंग, ७२ पानं, प्रत्येकीला २४. वर 'कशाला डोक्याला ताप' म्हणून उलटा क्रम काढून टाकला. सगळ्या रंगांत दश्शी मोठी.

आमची ही आवृत्ती दोन संध्याकाळी चालली. तिसऱ्या दिवशी कुणीही खेळायला आलं नाही. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तर साधे पत्तेच आहेत, फक्त गोल."

फोनवर आजोबांना सांगितलं. वाटलं होतं, अवतार कमी केले म्हणून ओरडतील. ते म्हणाले, रंग कमी केलेस ते ठीक, त्यांनाही लहानपणी थोड्याच पानांवर शिकवलं होतं. पण उलटा क्रम काढलास म्हणजे खेळच काढलास. मग आम्ही तीन रंग सुलटे आणि तीन उलटे ठेवले. आता खोलीबाहेर चपलांचा ढीग असतो. सुरुवातीला सगळ्या गोंधळतात, एकीने उलट्या रंगातली दश्शी मोठ्या तोऱ्यात टाकली आणि हात घालवला. पण तोच हात दुसऱ्या दिवशी मेसमध्ये चर्चेला असतो!

ही चूक फक्त आमचीच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात 'स्पेलजॅमर' नावाचं विश्व १९८९ मध्ये आलं, ज्यात जादूची जहाजं अंतराळात फिरतात. काही वर्षांत ते बंद पडलं. २०२२ मध्ये कंपनीने ते थाटात परत आणलं. चित्रं सुंदर होती, पण जहाजांच्या लढाईचे नियम फारच त्रोटक ठेवले अशी टीका झाली. जहाजांच्या खेळात जहाजंच कमी! उलट त्याच कंपनीने २०१४ ची पाचवी आवृत्ती काढण्याआधी नियमांचे मसुदे खेळाडूंना खेळायला दिले, जुन्यांनाही आणि नव्यांनाही, आणि त्यांचं ऐकून बदल केले. ती आवृत्ती तुफान चालली.

माझा निष्कर्ष साधा आहे. जुना खेळ परत आणताना आत शिरायचा दरवाजा सोपा करावा. पानं कमी, पुठ्ठा स्वस्त, चित्रं वेडीवाकडी चालतील. पण ज्या गोष्टीसाठी जुने लोक तासन्‌तास बसायचे तिला हात लावू नये. आणि ती गोष्ट कुठली हे नव्यांना कळत नाही, ते जुन्यांनाच विचारावं लागतं. ते आहेत तोवर. ओडिशात अजून खेळणारी माणसं आहेत, आपल्याकडेही गावागावांत एखादे आजोबा असतील. त्यांना 'कसं बनवायचं' याच्या आधी 'कसं खेळायचं' हे विचारा.

सेमिस्टर संपल्यावर मी रूममेटला घेऊन गावी गेले. ट्रंकेतल्या ११७ पानांत पुठ्ठ्याची तीन नवी पानं घातली, १२० झाली. आजोबा, रूममेट आणि मी. चाळीस हातांत आजोबांनी आम्हा दोघींना धुतलं. मी उतारी करताना अडखळले की ते एवढंच विचारायचे, "गो, प्रधान खय गेलो?" त्यांना माहीत असायचं. मला नसायचं. रूममेट जळगावची, तिला मालवणी कळत नाही, पण तिसऱ्या डावापर्यंत तीही मला तेच विचारायला लागली.

नाशिक रामाचं गाव, पण आमच्या हॉस्टेलवर डाव बसतो तो मेस झाल्यावर, म्हणून रामाच्या राजाला उतारीची संधी मिळतच नाही. रविवारी दुपारी तीनला एक डाव ठेवलाय. येताना पुठ्ठा आणि कात्री आणा, राहिलेले चार अवतार कापायचे आहेत.