दुधावरून कास कळते, लाळेवरून लाळग्रंथी

जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या की शेतकरी हातातले काम टाकून गोठ्याकडे धावतो. लाळ्या-खुरकूत तर नाही ना, म्हणून जीभ पाहतो, खूर पाहतो, पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप धाडतो. लाळ जास्त झाली की आजार, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण लाळ कमी झाली तर? आणि ती गोठ्यातल्या जनावराची नसून घरातल्या बाईची असेल तर? तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. "उन्हानं कोरड पडली असंल, पाणी पी जरा," एवढ्यावर विषय संपतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उन्हाची कोरड तांब्याभर पाण्याने जाते. जी कोरड पाणी पिऊनही हटत नाही, पावसाळ्यात आणि थंडीतही राहते, तीन-तीन महिने रोज छळते, ती कोरड वेगळी. तिच्यामागे जी कारणे असतात त्यांपैकी एक म्हणजे शोग्रेनचा आजार. या आजारात लाळग्रंथींना आतून दाह होतो आणि त्या दाहाच्या खुणा लाळेत उतरतात. या खुणा कशा वाचायच्या यावर जगात बरीच वर्षे संशोधन चालू आहे. दूधधंदा करणाऱ्याला ही गोष्ट समजायला मुळीच अवघड नाही. कासदाहात, म्हणजे ज्याला आपण दगडी म्हणतो त्यात, आपण हेच करतो.

राखणदारच घरावर उलटतो

माणसाला लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानापुढे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. शिवाय ओठाच्या आतल्या अंगाला, गालात, टाळूत बारीक बारीक ग्रंथी शेकड्यांनी असतात. या सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. मोठी दुभती गाय शंभर लिटरच्या वर लाळ तयार करते, त्या मानाने हे काहीच नाही. पण काम तितकेच मोलाचे. घास ओला करणे, गिळायला मदत करणे, चव लागू देणे, तोंडातले आम्ल मारणे, दात राखणे आणि जंतूंना आवर घालणे, ही सगळी कामे लाळेची.

१९३३ साली स्वीडनमधले नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी डोळे कोरडे पडलेल्या १९ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १३ जणींना सांध्यांचाही आजार होता. डोळे, तोंड आणि सांधे यांचे दुखणे एकाच मुळाचे असू शकते, हे त्यातून पुढे आले. पुढे या आजाराला त्यांचेच नाव पडले.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणे हे त्यांचे काम. या आजारात त्या लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींनाच परके समजतात आणि तिथे घुसून ठाण मांडतात. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच कोंबड्या धराव्यात, तसा हा प्रकार. ग्रंथी सुजते, हळूहळू तिचा नाश होतो आणि झरा आटत जातो. दहा रुग्णांत नऊ बायका असतात. बहुतेकींना चाळिशी ते साठीच्या दरम्यान त्रास जाणवू लागतो. त्यामुळे "वय झालं, आता असंच चालायचं" असे म्हणून तो अंगावर काढला जातो.

दुधात जे दिसते, तेच लाळेत

आता गोठ्यात या. कासदाह दोन प्रकारचा. एकात कास सुजते, गरम होते, दुधात गाठी येतात; तो कोणालाही दिसतो. दुसरा छुपा. कास चांगली, दूधही दिसायला चांगले, पण आतून दाह चालू. तो ओळखायला आपण दुधाची तपासणी करतो. निरोगी गाईच्या दुधात दर मिलिलिटरला दोन लाखांपेक्षा कमी पेशी असतात. दाह असला की पांढऱ्या पेशींची संख्या चढते. सीएमटी चाचणीत दूध आणि द्रावण मिसळून हलवले की ते घट्ट होते, ते या वाढलेल्या पेशींमुळेच. दाहाने कासेतले बांध सैल होतात, रक्तातले मीठ दुधात झिरपते आणि दूध खारट लागते. लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिनही वाढते.

लाळग्रंथी ही कासेसारखीच पाझरणारी ग्रंथी आहे. म्हणून शोग्रेनच्या रुग्णांच्या लाळेत काय सापडते ते ऐकून दुधवाल्याला नवल वाटणार नाही. लाळेतले सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, वाढलेला असतो. लॅक्टोफेरिन वाढलेले असते. पांढऱ्या पेशींतून बाहेर पडणारे कॅल्प्रोटेक्टिन नावाचे प्रथिन वाढलेले असते. पेशी एकमेकींना दाहाचा निरोप देतात, त्या इंटरल्युकिन-६ सारख्या निरोप्यांचे प्रमाणही चढलेले आढळते. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे आणखी एक प्रथिन. ते या रुग्णांच्या लाळेत वाढलेले असते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७५ सालीच दाखवले. म्हणजे हा विषय आजचा नाही.

या संशोधनातून काय साधायचे आहे? आज पक्के निदान करायला बऱ्याचदा ओठाच्या आतला लहानसा तुकडा काढावा लागतो. त्याऐवजी वाटीत थुंकून काम झाले तर सुई नको, चिरा नको. औषध लागू पडते आहे की नाही हे दर काही महिन्यांनी पाहता येईल. आणि छुप्या कासदाहासारखा हा आजारही झरा पुरता आटण्याआधी पकडता येईल. खरी किंमत या शेवटच्या गोष्टीला आहे. एकदा नाश पावलेली ग्रंथी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

मग अडते कुठे?

अडचण अशी की या खुणा दाह आहे एवढे सांगतात. दाह कशाचा ते सांगत नाहीत. हिरड्या सुजल्या, दातातून पू येत असला, तरी कॅल्प्रोटेक्टिन आणि इंटरल्युकिन-६ वाढतात. आपल्याकडे मिशेरी, तंबाखू, सुपारीने हिरड्या खराब झालेली माणसे कमी नाहीत. त्यांच्या लाळेत या खुणा दिसल्या म्हणजे शोग्रेन झाला असे म्हणता येत नाही.

दुसरे, लाळ दिवसभर सारखी नसते. सकाळची वेगळी, जेवल्यावरची वेगळी. पाणी आटले की उरलेल्या लाळेत सगळेच पदार्थ दाट होतात, तेव्हा खरी वाढ किती आणि नुसता दाटपणा किती हे वेगळे काढावे लागते. तिसरे, तोंडातली लाळ सगळ्या ग्रंथींची मिसळ असते. चारही सडांचे दूध एका बादलीत पडले की कोणता सड बिघडला ते कळत नाही, तशी गत. संशोधक म्हणून एकेका ग्रंथीच्या तोंडाशी छोटी वाटी लावून लाळ वेगळी गोळा करतात, पण ते काम सगळीकडे होण्यासारखे नाही.

त्यामुळे आजमितीला लाळेतल्या या खुणांवरून शोग्रेनचे निदान केले जात नाही. "नुसत्या लाळेवरून आजार सांगतो" असे कोणी म्हणाले आणि पैसे मागितले, तर सावध राहावे.

आज निदान कसे होते?

२०१६ साली अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून एक गुणपद्धत ठरवली. ती मुळात संशोधनासाठी आहे, पण डॉक्टरांना तिचा आधार होतो. रक्तात एसएसए, म्हणजेच 'रो' विरोधी प्रतिपिंडे सापडली तर ३ गुण. ओठाच्या तुकड्यात पांढऱ्या पेशींचे ठरावीक प्रमाणात पुंजके सापडले तर ३ गुण. डोळ्यात रंग टाकून कोरडेपणाचे चट्टे दिसले तर १. पापणीत टीपकागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर १. आणि काही न चघळता सुटणारी लाळ मिनिटाला ०.१ मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर १. एकूण ४ किंवा अधिक गुण झाले आणि अशीच लक्षणे देणारे दुसरे आजार नाहीत असे दिसले, तर शोग्रेन धरला जातो.

म्हणजे आज लाळ किती, याला एक गुण आहे. लाळेत काय आहे, याला अजून गुण नाही.

घरी काय पाहावे?

लाळ किती सुटते हे घरीही ढोबळमानाने पाहता येते. सकाळी, आधी दीड तास काही खाणे, पिणे, चूळ भरणे, मिशेरी किंवा तंबाखू नको. स्वस्थ बसावे, तोंडातली लाळ एकदा गिळून टाकावी. मग घड्याळ लावून १५ मिनिटे जी लाळ साचेल ती न गिळता स्वच्छ वाटीत थुंकावी. मुद्दाम ओढून काढू नये. फेस बसू द्यावा आणि बिनसुईच्या नव्या सिरिंजने मोजावे. १५ मिनिटांत दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली, तर डॉक्टरांना नक्की दाखवावे. हे निदान नव्हे. दवाखान्यात सांगायला हाताशी एक आकडा असावा, एवढाच त्याचा उपयोग.

याशिवाय पुढच्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

• भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, असे रोज होते का?
• डोळ्यांत माती गेल्यासारखे सतत खुपते का?
• कानापुढे किंवा जबड्याखाली वारंवार सूज येते का?
• गोड फारसे न खाताही दात हिरडीजवळ भराभर किडत आहेत का?
• सोबत सांधे दुखतात, अंग गळून जाते का?

कोरड पडते म्हणजे शोग्रेनच, असेही समजू नये. मधुमेह, रक्तदाबाच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, डोक्या-मानेला घेतलेले किरणोपचार, अशी कारणे पुष्कळ. धोतऱ्याने तोंड सुकते हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. धोतऱ्यातला ॲट्रोपिन नसेचा लाळग्रंथीला जाणारा हुकूमच अडवतो. काही गोळ्यांचेही तसेच होते. म्हणून दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. पण मनाने एकही गोळी बंद करू नये.

दुर्लक्ष का महागात पडते

आधी दात जातात. दात गेले की चावणे गेले, खाणे कमी झाले, अंगातली ताकद गेली. काही रुग्णांत दाह सांधे, फुफ्फुस, मूत्रपिंड, नसा यांपर्यंत पोचतो. शंभरात पाचेक रुग्णांना पुढे लिम्फोमा नावाचा कर्करोग होतो. कानापुढची सूज कायम राहिली, टणक झाली, तर एक दिवसही टाळाटाळ नको.

तरुण सुनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 'रो' प्रतिपिंडे असलेल्या शंभर गरोदर बायकांत एक-दोघींच्या बाळाच्या हृदयाचे ठोके पोटातच मंद होण्याचा धोका असतो. आधी माहीत असेल तर साधारण अठराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते. तेव्हा निदान झालेल्या बाईने गरोदरपणाची पहिली नोंद करतानाच हे सांगावे. घरच्यांनीही ते लपवू नये.

उपाय काय?

हा आजार मुळापासून काढणारे औषध नाही, पण त्रास आणि नुकसान दोन्ही कमी करता येतात. थोडे थोडे पाणी वरचेवर प्यावे. कोरड पडली म्हणून गोळ्या-चॉकलेट चघळू नये, गोड चहाचे घोट घेत बसू नये. लाळ नसलेल्या तोंडात साखर दातांना आगीसारखी. फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासावेत. मिशेरी, तंबाखू, सुपारी सोडावी. ग्रंथीत जीव शिल्लक असेल तर डॉक्टर पिलोकार्पिनच्या गोळ्या देतात. हे औषध ब्राझीलमधल्या जाबोरांडी झुडपाच्या पानांतून मिळते आणि धोतऱ्याच्या बरोबर उलट काम करते, म्हणजे लाळ सोडवते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना ते त्रासदायक ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तपासणीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करावी. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथेही दाखवता येते.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंना एक विनंती. गावात आरोग्य शिबिर ठेवाल तेव्हा रक्तदाब आणि साखरेच्या जोडीला चाळिशीपुढच्या बायकांना दोनच प्रश्न विचारा: "मावशी, तीन महिन्यांपासून रोज तोंड कोरडं पडतंय का? भाकरी पाण्याशिवाय उतरती का?" याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. ज्या "कोरडं पडतंय" म्हणतील, त्यांची नावे लिहून घ्या आणि त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवा. डेअरीत एका गाईचे दूध खारट लागले तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलावतो. घरच्या बाईच्या तोंडाची कोरड निदान तेवढ्या तातडीची तरी मानावी.