लाल डोळ्यामागचा व्हायरस कसा पकडतात?

कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, आरटी-पीसीआरच्या रिपोर्टची वाट बघितली. तीच पीसीआर टेस्ट डोळ्यासाठीही होते, हे मला आमच्या बाबांमुळे कळलं.

झालं असं, की दोन वर्षं बाबांचा डावा डोळा अधूनमधून लाल व्हायचा, धूसर दिसायचं, डोळ्यातलं प्रेशर वाढायचं. स्टिरॉइडचे ड्रॉप्स घातले की बरं, कमी केले की पुन्हा तेच. निदान होतं युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज.

आता गंमत बघा. ही सूज दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकते. एक, आपलीच प्रतिकारशक्ती उगाच भडकते. तिथे स्टिरॉइड बरोबर. दोन, आत हर्पिस, कांजिण्यांचा व्हायरस किंवा सीएमव्ही लपलेला असतो. तिथे नुसतं स्टिरॉइड दिलं तर पहारेकरी झोपतो आणि चोराला रान मोकळं! आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज एकच, बग दोन.

मग रक्त तपासायचं ना? तिथेच अडचण आहे. सीएमव्ही बहुतेकांना कधीतरी होऊन गेलेला असतो, त्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडी डोळ्यात काय चाललंय ते सांगत नाहीत. सॅम्पल डोळ्यातूनच घ्यावं लागतं.

"अरे, डोळ्यात सुई?" बाबा घाबरलेच. पण डोळा बधिर करून बारीक सुईने साधारण ०.१ मिली पाणी काढतात. जेमतेम दोन थेंब. एवढ्याशा पाण्यात व्हायरसचा डीएनए किती असणार? म्हणून पीसीआर त्याच्या कॉपी काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींच्या वर!

पण पीसीआर म्हणजे कंट्रोल-एफ. जो शब्द टाकाल तोच शोधणार. यादीत नसलेला व्हायरस निसटतो. यावर उपाय म्हणजे मेटाजिनोमिक सिक्वेन्सिंग, सॅम्पलमधलं सगळंच वाचून काढायचं. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी असंच एका माणसाच्या डोळ्यात रुबेला शोधला. त्याचा त्रास १६ वर्षं चालू होता! आणि तो व्हायरस सर्वांत जवळचा निघाला १९९२ च्या जर्मनीतल्या स्ट्रेनला. तो माणूस पूर्वी जर्मनीतच राहत होता.

बाबांचा रिपोर्ट सीएमव्ही पॉझिटिव्ह आला. गॅन्सिक्लोव्हिर सुरू झालं, स्टिरॉइड हळूहळू कमी केलं. आठ महिने झाले, डोळा शांत आहे. पण प्रेशरमुळे नसेचं जे नुकसान झालं, ते भरून येत नाही. तेवढी नजर गेली ती गेलीच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे व्हायरस नाहीच, असं नाही. आणि पडद्याला वेगाने इन्फेक्शन होत असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, आधी औषध सुरू करतात.

आणि हो, डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच स्टिरॉइडचे ड्रॉप्स आणू नका. सूज परत परत येत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यामागे व्हायरस असू शकतो का? पाणी तपासायचं का?" आम्ही हा प्रश्न दोन वर्षं विचारलाच नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!