एमवायबी प्रथिने

सजीवांच्या कोशिकांतील डीएनएवरील विशिष्ट स्थळांशी जोडली जाऊन, कोणते जीन (आनुवंशिकतेची एकके) केव्हा व किती प्रमाणात कार्यान्वित व्हावेत याचे नियमन करणाऱ्या प्रथिनांचे एक कुल. प्राणी, वनस्पती व कवके या सर्वांत ती आढळतात. सोलापूर परिसरातील द्राक्षांचे पांढरे व काळे वाण हे या नियमनाचे नजरेस सहज पडणारे उदाहरण होय.

शोध व रचना : कोंबड्यांत रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका व्हायरसात या कुलातील जीन प्रथम आढळला, त्या रोगाच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून हे नाव रूढ झाले. वनस्पतींतील असा पहिला जीन १९८७ मध्ये मक्यात ओळखला गेला. तो दाण्याच्या रंगाशी निगडित आहे. या प्रथिनांचा डीएनएशी जोडला जाणारा भाग सु. ५२ ॲमिनो अम्लांच्या साखळीच्या पुनरावृत्तींचा बनलेला असतो. प्राण्यांत सामान्यतः तीन, तर वनस्पतींत बहुधा दोन पुनरावृत्ती असतात. हा भाग क्रमविकासाच्या प्रदीर्घ काळात फारसा बदललेला नाही. उरलेला भाग मात्र पुष्कळ भिन्न असतो. त्यामुळे प्राण्यांत रक्तकोशिकांची निर्मिती, तर वनस्पतींत रंगद्रव्यांची निर्मिती अशी निरनिराळी कार्ये या कुलाकडे आली आहेत.

द्राक्षाचा रंग : नान्नज (ता. उत्तर सोलापूर) येथील बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने काढलेल्या वाणांपैकी ‘सोनाका’ हा थॉम्पसन सीडलेसपासून निघालेला वाण पांढरा, तर ‘शरद सीडलेस’ काळा आहे. काळा रंग सालीतील अँथोसायनीन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करणाऱ्या एंझाइमांचे जीन पांढऱ्या द्राक्षांतही शाबूत असतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखविले की, पांढऱ्या वाणांत एमवायबी प्रथिनाच्या जीनाच्या आरंभापाशी डीएनएचा एक स्थानांतरशील (जागा बदलणारा) तुकडा शिरलेला असतो. त्यामुळे नियामक प्रथिन तयार होत नाही, अखेरच्या टप्प्यावरील एंझाइमही निर्माण होत नाही आणि साल रंगहीन राहते. ‘इटालिया’ या पांढऱ्या वाणाच्या वेलीवर उत्पन्न झालेल्या ‘रुबी ओकुयामा’ या लाल वाणात त्या तुकड्याचा बहुतेक भाग निघून गेल्याचे आढळले. पांढऱ्या वाणांत या कुलातील दुसराही एक जीन निकामी असतो, हे २००७ मध्ये समजले. याउलट पांढऱ्या डाळिंबाच्या एका वाणात प्रत्यक्ष एंझाइमाचाच जीन बिघडलेला असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या रंगहीनतेची कारणे भिन्न असू शकतात.

व्यावहारिक महत्त्व : उष्ण हवामानात, विशेषतः रात्रीचे तापमान अधिक असल्यास, या जीनाचे कार्य मंदावते, उलट ॲब्सिसिक अम्ल या वनस्पति-हॉर्मोनाने ते वाढते. सोलापूर भागात फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते व मण्यांत रंग भरण्याचा काळ हिवाळ्याच्या अखेरीस येतो. त्या वेळी उष्मा लवकर वाढल्यास काळ्या वाणांचे घड असमान रंगाचे राहतात व बागायतदारास भाव कमी मिळतो. अशा घडांत रंगाचे जीन नसतात असे नव्हे. त्यांना चालना देणारे प्रथिन अपुरे पडते. म्हणून उष्ण प्रदेशासाठी रंगीत वाण निवडताना नियामक जीनांची परीक्षा महत्त्वाची ठरते.