पाच टनांचा हिशेब
(आडमार्गाचे रूळ : लेखांक सहावा)

कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’. बार्शीची सारी अडचण या नावात आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे रूळ पुण्याहून सोलापूरकडे १८६०च्या सुमारास या मुलखातून गेले, पण कापसाची आणि धान्याची नामांकित पेठ असलेली बार्शी त्यांच्यापासून २१ मैल आत राहिली. पेठेतला माल बैलगाडीत घालून त्या ‘रोड’पर्यंत न्यायचा आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की गाडीवान, व्यापारी आणि माल यांनी वाटेतच थांबायचे, असा पुढची जवळपास चार दशके क्रम होता. हे आधी सांगायचे कारण असे, की पुढे इथे आलेल्या बार्शी लाइट रेल्वेची तुलना आपण नेहमी मोठ्या रेल्वेशी करतो आणि तिला संथ, लहान, गरिबाघरची गाडी ठरवतो. तिची खरी तुलना व्हायला हवी ती बैलगाडीशी. तशी ती केली, तर या कंपनीचे रूळ अरुंद होते ते नाइलाजाने नव्हे, चोख हिशेबाने, हे लक्षात येते.

तो हिशेब मांडणारा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ साली तो ग्रेट इंडियन पेनिन्शुलाच्या नोकरीत आला. चार वर्षांनी रजा काढून त्याने दोन आडमार्गांची पाहणी केली, एक नाशिकच्या ट्रामचा आणि दुसरा बार्शीचा. परवानग्यांचे घोंगडे बरीच वर्षे भिजत पडले. अखेर १८९५मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १८९७मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट होते.

कॅलथ्रॉपचे खरे काम मात्र या अडीच फुटांत नाही, एका साध्या प्रश्नात आहे. रूळ किती जाड हवा, हे संपूर्ण गाडीच्या वजनावर ठरत नाही. ज्या एका आसावर सर्वांत जास्त भार येतो, त्यावर ते ठरते. सहसा तो आस इंजिनाचा असतो. म्हणजे इंजिनासाठी जाड रूळ टाकायचे आणि मागच्या हलक्या वाघिणींनी त्या ताकदीचा थोडाच भाग वापरायचा. रूळ, पूल, भराव या सगळ्यांत पैसा अडकतो आणि त्यातला बराचसा कधी कामालाच येत नाही. कॅलथ्रॉपने इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, अशी मर्यादा घालून घेतली. इंजिनाचे वजन त्याने सहा आसांवर वाटले. त्यांतले चार आस जोडलेले, ओढणारे. वाघिणींना चार-चार आस दिले, म्हणजे भरलेली वाघीण वीस टनांपर्यंत जाऊ शकत होती. दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्यांमुळे वाघीण स्वतः हलकी राहिली आणि मालाला जास्त वाव मिळाला. त्यामुळे यार्डाला तीस पौंडांचा, मुख्य मार्गावरच्या रुळाच्या निम्म्याहूनही हलका रूळ पुरला. सामान जहाजावर चढवण्याआधी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा मार्ग टाकून ते चालवून दाखवले. आपल्या आकड्यांची अशी जाहीर परीक्षा देणाऱ्या अभियंत्याबद्दल मला आदर वाटतो.

यावरचा सर्वांत जुना आक्षेप कुर्डुवाडीच्या फलाटावरचा आहे. तिथे प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ लहान वाघिणीतून उतरवून मोठीत भरावी लागे. हमाली वाढे, वेळ जाई. आक्षेप खरा आहे. पण बैलगाडीतून आलेला मालही कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरावाच लागत होता. अरुंद रुळाने ही हमाली निर्माण केली नाही. ती होती तशी ठेवली आणि २१ मैलांची चिखलवाट तेवढी काढून टाकली. पुढे इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्डचा अडीच फुटीच मार्ग उभारताना कॅलथ्रॉपने मोठी वाघीण जशीच्या तशी लहान गाडीवर चढवून नेण्याची सोय केली. म्हणजे या आक्षेपाचे उत्तरही त्याने शोधले होते. तरीही १९०४चा तो मार्ग १९३४मध्ये बंद पडला. मापही तेच, अभियंताही तोच. पण त्या दरीत बार्शीसारखी पेठ नव्हती. मार्गाचे भवितव्य रुळाच्या मापापेक्षा वाहतूक ठरवते, या माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

बार्शीला वाहतूक होती, म्हणूनच मार्ग वाढला. १९०६मध्ये पंढरपूर, १९०७मध्ये तडवळे, १९११मध्ये निजामाच्या राज्यातले लातूर आणि १९२७मध्ये मिरज, असे सगळे मिळून सुमारे २०२ मैल झाले. लातूरच्या बाजारपेठेच्या वाढीत या रुळांचा वाटा मोठा आहे. पंढरपूरच्या बाबतीत मात्र कंपनीची बाजू मला पूर्ण घेता येत नाही. यात्रेच्या गर्दीत वारकऱ्यांना मालाच्या वाघिणींतून नेले जाई. एरवी रिकामे पडतील एवढे डबे वर्षभर बाळगणे परवडत नाही, हा युक्तिवाद हिशेबाला धरून आहे. पण पाच टनांच्या हिशेबात माणूस आणि पोते यांत फरक करायची जागा नव्हती, हेही त्यातून दिसते. आणि नफा लंडनच्या भागधारकांचा होता. स्वातंत्र्यानंतर सुमारे साडेसहा वर्षांनी, १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तोवर ती खासगीच होती.

शेवटी ब्रॉडगेज करावेच लागले, मग आधीच का केले नाही, असेही विचारले जाते. १८९७मध्ये निवड अरुंद रूळ की रुंद रूळ अशी नव्हती. अरुंद रूळ की काहीच नाही, अशी होती. रुंदीकरण या शतकात झाले, ते शंभर वर्षे साठत आलेल्या वाहतुकीच्या बळावर. एका गोष्टीचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. जुना मार्ग येडशीवरून पुढे लातूरकडे निघून जाई आणि धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण बाजूलाच राही. नवा मार्ग टाकताना तो मुद्दाम वळवून धाराशिवला नेला. तोवर त्या शहराची स्थिती १८९७पूर्वीच्या बार्शीसारखी होती. रूळ जवळून जात होते, पण गावात येत नव्हते.